कपाट आधी, कादंबरी नंतर

किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या ग्रंथपालाने वाचाव्यात का, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: हौस असेल तर जरूर वाचाव्यात, पण ते काही कामाचं वाचन नव्हे. हे उत्तर मला मुळातच चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे या साहित्याच्या इतिहासातूनच दाखवता येतं. अमेरिकेत आज या कादंबऱ्यांना स्वतःची पारितोषिकं आहेत, प्रकाशकांकडे स्वतंत्र विभाग आहेत, मोठा वाचकवर्ग आहे. त्यामुळे लेखकांनी त्या आधी लिहिल्या आणि ग्रंथालयांनी मग कपाटात लावल्या, असाच समज होतो. क्रम मात्र उलटा आहे. आधी ग्रंथालयात तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी एक कोपरा झाला. त्या कोपऱ्यासाठी याद्या झाल्या, आणि याद्यांसाठी काही ग्रंथपाल स्त्रियांनी वर्षानुवर्षं पुस्तकांचे ढीग वाचून काढले. खास त्या वयासाठी लिहिलेली कादंबरी जोमाने उभी राहिली ती यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. म्हणजे ग्रंथपालाचं वाचन हे या साहित्यावर मागाहून चढवलेलं काम नव्हतं, हे साहित्य उभं राहायला लागणारी जमीनच त्या वाचनाने तयार केली.

ही जमीन तयार होण्याची गरज का पडली हे समजून घ्यायचं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन शाळा पाहावी लागते. 1910 च्या सुमारास तिथल्या अठरा वर्षांच्या मुलामुलींपैकी जेमतेम दहात एकाने माध्यमिक शाळा पुरी केलेली असे. 1940 पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. शेतात, गिरणीत, दुकानात जाणारी मुलं वर्गात बसू लागली, आणि मंदीच्या दशकात तर नोकऱ्याच नव्हत्या म्हणून आणखी बसू लागली. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी 1904 मध्ये या वयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला होता, पण ग्रंथालयांना हे वय कळलं ते पुस्तकातून नव्हे, दारातून. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात 1906 पासून अ‍ॅन कॅरल मूर यांनी बालविभाग बांधत आणला होता. मुलांच्या उंचीची टेबलं, गोष्टींचे तास, फुलं, चित्रं, सगळं तिथे होतं. मूल चौदा वर्षांचं झालं की मात्र ते या खोलीतून बाहेर पडे आणि मोठ्यांच्या विभागात जाऊन उभं राही. तिथे त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नसे. बालविभागाला लागलेले वाचक मोठ्यांच्या विभागापर्यंत पोचण्याआधीच गळत होते, आणि ही गळती देवघेवीच्या नोंदींतच दिसणारी होती.

मूर यांनीच नेमलेल्या मेबल विल्यम्स यांच्याकडे 1919 मध्ये शाळांशी संबंध ठेवण्याचं काम आलं. त्यांनी माध्यमिक शाळांचे वर्गच्या वर्ग ग्रंथालयात बोलवायला सुरुवात केली आणि शाखाशाखांतून या वयाच्या मुलांकडे पाहणारा एकेक माणूस नेमून घेतला. क्लीव्हलँडमध्ये 1925 साली जीन रूस यांच्या देखरेखीखाली किशोरांची स्वतंत्र खोली सुरू झाली. तिला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं नाव होतं. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने या वयासाठी वाचनयादी काढली, आणि ती पुढे कित्येक दशकं दरवर्षी नव्याने निघत राहिली. या यादीत काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. खास किशोरांसाठी लिहिलेली पुस्तकं तीत थोडीच होती, कारण तशी पुस्तकं फारशी नव्हतीच. बहुतेक पुस्तकं मोठ्यांची होती: चरित्रं, प्रवास, साहसकथा, त्या त्या वर्षीच्या कादंबऱ्या. त्यांतलं कोणतं पुस्तक सोळा वर्षांच्या मुलीला आपलं वाटेल हे ना लेखकाने सांगितलं होतं ना प्रकाशकाने. ते वाचूनच ठरवावं लागे, आणि नव्या यादीसाठी दरवर्षी नव्याने वाचावं लागे. लेबल लावून आलेलं पुस्तक न वाचताही योग्य कपाटात ठेवता येतं. लेबल नसलेल्या पुस्तकाच्या बाबतीत ग्रंथपालाला ती सोय नसते. पहिली चाळीस वर्षं हा विभाग मुख्यतः अशा बिनलेबली पुस्तकांवर चालला, म्हणून वाचन हाच त्याचा पाया झाला.

हा पाया सर्वांत स्पष्ट दिसतो तो बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात. मार्गारेट एडवर्ड्स 1932 मध्ये तिथे आल्या. त्या मूळच्या टेक्सासच्या, आधी लॅटिन शिकवणाऱ्या शिक्षिका. किशोरांसाठी म्हणून त्यांच्याकडे पुस्तकांचा एक लहान संग्रह सोपवण्यात आला, आणि तिथून पुढे तीसेक वर्षं, 1962 मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्यांनी या कामाची जी घडी बसवली ती देशभर अनुकरणाचा विषय झाली. त्यांची पद्धत साधी आणि कष्टाची होती. किशोरांसोबत काम करू पाहणाऱ्या नव्या सहायकाला आधी वर्गीकरण किंवा नोंदी शिकवल्या जात नसत. त्याच्या हातात पुस्तकांची एक लांबलचक यादी दिली जाई. त्यातली पुस्तकं थोडी थोडी करून वाचायची आणि एकेका गटानंतर एडवर्ड्स यांच्यासमोर बसून त्यांच्यावर बोलायचं. पुस्तक चांगलं की वाईट हा तिथला मुख्य प्रश्न नसे. हे पुस्तक कुणाला द्याल, आणि ते वाचून झाल्यावर त्यालाच पुढचं कोणतं द्याल, हा असे. अशी शेकडो पुस्तकं पचवल्यावर मगच तो सहायक शाळेत जाऊन वर्गापुढे उभा राही. तिथेही समीक्षा करायला मनाई होती. पुस्तकातला एखादा प्रसंग अशा रीतीने सांगायचा की मुलांना पुढचं वाचल्यावाचून राहवू नये, एवढंच काम, आणि त्यासाठी तो प्रसंग पाठ करून, घोटून तयार करावा लागे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा एडवर्ड्स यांनी भाड्याने घोडागाडी घेतली, तीत पुस्तकं भरली आणि उन्हाळ्यात शहराच्या ज्या वस्त्यांतून कुणी ग्रंथालयाकडे फिरकत नसे तिथे ती नेली. घोडागाडीची ही हकीकत त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली, आणि ती आहेही मोहक. मला मात्र त्या बंद खोलीतल्या चर्चेचं मोल जास्त वाटतं. गाडी कुणीही भाड्याने घेऊ शकतो; पण फळीला रेलून उभ्या राहिलेल्या, पुस्तकांशी वैर धरलेल्या पोराला पहिल्या दोन मिनिटांत काय काढून द्यायचं हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस गाडीवर नसेल तर ती नुसती लाकडाची पेटी. आपल्या कामावर एडवर्ड्स यांनी 1969 मध्ये जे पुस्तक लिहिलं ते आजही त्या व्यवसायात वाचलं जातं.

न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट स्कॉगिन यांनी याच कामाला दुसरी बाजू जोडली. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला नेथन स्ट्राउस शाखा मुलांसाठी आणि तरुणांसाठीच राखून उघडण्यात आली, आणि स्कॉगिन तिथल्या प्रमुख झाल्या. मुलांना पुस्तकं देणं पुरेसं नाही, त्यांचं मत मागायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलं परीक्षणं लिहू लागली, आणि युद्धानंतर ती रेडिओवर पुस्तकांबद्दल बोलू लागली. 1942 मध्ये मोरीन डेली हिची एका सतरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या प्रेमाची कादंबरी आली. लेखिका ती लिहू लागली तेव्हा स्वतः किशोरवयात होती. प्रकाशकाने ती मोठ्यांसाठीची कादंबरी म्हणून काढली होती. ती मुलींचीच आहे हे वाचकांनी आणि ग्रंथपालांनी ठरवलं. मग 1957 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेत या कामाचा स्वतंत्र विभाग झाला. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 1967 मध्ये, ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या एस. ई. हिंटन हिची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. शाळेत असतानाच लिहिलेल्या या कादंबरीत श्रीमंत आणि गरीब मुलांच्या टोळ्या आहेत, मारामाऱ्या आहेत, मृत्यू आहे. किशोर कादंबरीची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागातल्या एका शाळेच्या ग्रंथालयातून दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना एक पत्र गेलं. या कादंबरीवर सिनेमा काढावा अशी विनंती त्यात होती, आणि सोबत शंभरावर मुलांच्या सह्या. 1983 साली तो सिनेमा आला. ज्या मुलांना पुस्तकं नकोशी असतात असं मानलं जातं, त्यांनी हे पुस्तक फाटेपर्यंत वाचलं होतं, आणि ते वाचताना त्यांच्याकडे पाहणारं कुणीतरी त्या ग्रंथालयात होतं.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की किशोरवय हा बाजाराचाच शोध आहे. कपडे, गाण्याच्या तबकड्या आणि मासिकं विकणाऱ्यांनी एक नवं गिऱ्हाईक निर्माण केलं आणि पुस्तकं त्यामागून आली. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते नंतरच्या काळाचं. किशोरींसाठीचं 'सेव्हन्टीन' मासिक 1944 मध्ये निघालं. क्लीव्हलँडची खोली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, न्यूयॉर्कची यादी पंधरा वर्षांची. बाजाराने हा वाचक हेरला तेव्हा ग्रंथालयात त्याच्यासाठी जागा झालेली होती, आणि त्या जागेत विकण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो घेणारे पुस्तकांवर मनापासून प्रेम करणारे लोक असतात. पंधराव्या वर्षी मुलांनी थोरामोठ्यांचं साहित्य वाचायला लागावं. त्यांच्यासाठी वेगळं कपाट केलं की ती तिथेच रेंगाळतात, सोप्याची सवय लागते. असं रेंगाळणं घडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी हे कपाट उभं केलं त्यांच्या मनात ते मुक्कामाचं ठिकाण कधीच नव्हतं. याद्यांत बहुसंख्य पुस्तकं मोठ्यांची होती ती केवळ दुसरी मिळत नव्हती म्हणून नव्हे. मोठ्यांच्या वाचनात नेऊन सोडणं हाच त्या यादीचा उद्देश होता. एडवर्ड्स यांच्या टोपणनावाने 1998 पासून जी 'अ‍ॅलेक्स' पारितोषिकं दिली जातात ती मोठ्यांसाठी लिहिलेल्या पण किशोरांना भावतील अशा पुस्तकांना दिली जातात, हे या परंपरेला धरूनच आहे. मूल सोप्या कादंबरीवर थांबतं ते कपाटामुळे नाही. त्या कादंबरीपासून पुढच्या अवघड पुस्तकापर्यंतची वाट माहीत असलेला माणूस त्या कपाटाशी नसतो, म्हणून ते थांबतं. आणि ती वाट माहीत व्हायची तर दोन्ही टोकांची पुस्तकं वाचलेली असावी लागतात. फक्त अभिजात साहित्य वाचणारा ग्रंथपाल मुलाला पुढचं टोक दाखवू शकतो, पण मूल उभं असतं ते अलीकडच्या टोकाशी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. वाचणारा ग्रंथपाल हा निवडणारा ग्रंथपाल असतो, आणि निवडणारा पाहता पाहता रोखणारा होतो. अ‍ॅन कॅरल मूर यांचंच उदाहरण घ्या. ई. बी. व्हाइट यांनी मुलांसाठी लिहावं म्हणून त्यांच्या मागे लागलेल्यांत त्या होत्या. 1945 मध्ये व्हाइट यांची 'स्टुअर्ट लिटल' छापून निघण्याच्या बेतात असताना मूर यांनी ती वाचली, त्यांना ती मुळीच आवडली नाही, आणि ती प्रसिद्ध करू नका असं त्यांनी पत्राने कळवलं. वाचण्यात त्या कमी पडल्या नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. तरीही पुढे पिढ्यान् पिढ्या मुलांना प्रिय झालेलं पुस्तक त्यांना दारातच अडवावंसं वाटलं. बाल्टिमोरचीही एक गोष्ट सांगायला हवी. इनॉक प्रॅट ग्रंथालय स्थापनेपासून सर्व वर्णांच्या वाचकांना खुलं होतं, पण तिथला ग्रंथपाल-प्रशिक्षणाचा वर्ग कृष्णवर्णीयांना बंद होता. प्रवेश नाकारला गेलेली एक कृष्णवर्णीय तरुणी न्यायालयात गेली, आणि 1945 मध्ये अपील न्यायालयाने ग्रंथालयाच्या विरोधात निकाल दिला. एडवर्ड्स यांच्या कामाचा हाच भरभराटीचा काळ. कुणाला कोणतं पुस्तक आपलं वाटेल हे वाचून ठरवायचं, आणि ठरवणाऱ्यांत शहरातल्या एका मोठ्या समाजाला जागाच नाही, तर त्या वाचनात काय निसटत असेल याची कल्पना करता येते.

म्हणून न वाचलेलं बरं, असं मात्र यातून निघत नाही. न वाचता ठरवणारे काय करतात याचा पुरावा न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज शाळामंडळाच्या काही सदस्यांना 1975 मध्ये पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेत आक्षेपार्ह पुस्तकांची यादी मिळाली. त्यातली पुस्तकं आपल्या शाळांत आहेत हे कळल्यावर मंडळाने ती काढायला लावली. ओरड झाली तेव्हा मंडळानेच पालक आणि शिक्षकांची एक समिती नेमली: त्यांनी पुस्तकं वाचावीत आणि मत द्यावं. समितीने वाचली, आणि अकरापैकी पाच पुस्तकं ठेवावीत, दोन काढावीत असं सांगितलं. उरलेल्यांवर तिचं एकमत झालं नाही किंवा तिने वेगळ्या अटी सुचवल्या. मंडळाने हे बाजूला सारून नऊ पुस्तकं काढूनच टाकली. त्यांत 'गो आस्क अ‍ॅलिस' हे समितीने ठेवायला सांगितलेलं किशोरांचं पुस्तक होतं, आणि अ‍ॅलिस चाइल्ड्रेस यांची किशोर कादंबरीही होती. स्टीव्हन पिको आणि त्याचे शाळासोबती खटला लढले, आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निसटत्या बहुमताने निकाल त्यांच्या बाजूने लागला; मुख्य निकालपत्राने, त्याला स्वतःला बहुमत नसलं तरी, केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं हटवण्याच्या अधिकाराला मर्यादा आहे असं म्हटलं. वाचणाऱ्या समितीत मतभेद झाले, तिने काही पुस्तकं नाकारलीही. पण वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल तिने वेगवेगळं मत दिलं, कारण ती तिने वेगवेगळी वाचली होती. मूर यांच्या चुकीवर इलाज आहे तो वाचणाऱ्यांची संख्या वाढवण्यात. स्कॉगिन यांनी मुलांनाच परीक्षक केलं तेव्हा त्यांनी हेच केलं होतं, आणि आयलंड ट्रीजमध्ये न्यायालयात गेली तीही मुलंच होती.

हा इतिहास आपल्याला परका नाही, त्याचा एक धागा थेट बडोद्यापर्यंत येतो. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. 1913 पर्यंतच्या त्यांच्या मुक्कामात मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगाव जाणाऱ्या फिरत्या पेट्या, ग्रंथपालांचं प्रशिक्षण अशी आखणी झाली, आणि 1912 पासून निघालेल्या तिथल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी, गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. आता तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. 1910 मध्ये अमेरिकेतली सर्वांत ताजी कल्पना बालविभागाची होती. किशोरांची खोली अजून पंधरा वर्षं दूर होती. आपण उसनं घेतलं ते त्या क्षणाचं ग्रंथालय. पुढे तिथे जे घडलं ते इकडे आलं नाही, आणि बालविभाग संपला की थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं कपाट, अशी आपल्या बहुतेक वाचनालयांची रचना राहिली.

आपल्याकडे या वयासाठी लिहिलं गेलं नाही असं मुळीच नाही. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, 1971 पासून बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. अमेरिकेत कपाट आधी आणि कादंबरी नंतर आली. आपल्याकडे पुस्तकं आली आणि कपाट राहून गेलं. यावर कुणी म्हणेल की कपाटावाचून आपलं काय अडलं? बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा वाचनालयांतून पोरांनी फडशा पाडून वाचल्याच की, आणि त्यातूनच पट्टीचे वाचक निघाले. निघाले, हे खरं. पण अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांपाशी जे थांबले आणि पुढे वाचेनासे झाले, त्यांची गणती कुणी ठेवलेली नाही. पुढचं पुस्तक ज्यांना आपोआप सापडलं त्यांच्या जोरावर, ज्यांना ते सापडलं नाही त्यांचा हिशेब पुरा होत नाही.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे, हिंटनची कादंबरी निघाली त्याच वर्षीचा. त्या कायद्याने वाचनालयांना अनुदान आणि अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, आणि वर्ग ठरवताना ग्रंथ किती, नियतकालिकं किती, वाचनालय किती वेळ उघडं असतं हे मोजलं जाऊ लागलं. ग्रंथालय संघांच्या प्रशिक्षण वर्गांतून वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकवलं जातं, ते आवश्यकच आहे. तिथेच एडवर्ड्स यांच्या धर्तीवर एक वाचनयादी घालता येईल, आणि न्यूयॉर्कच्या यादीसारखी तीही बव्हंशी मोठ्यांच्या पुस्तकांची होईल: माडगूळकरांची 'बनगरवाडी', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', दया पवारांचं 'बलुतं', शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाची आनंद यादवांची 'झोंबी'. त्यांच्या अलीकडे फास्टर फेणे, आणि त्याच्याही अलीकडे मुलं आज मोबाइलवर जे वाचतात ते, इंग्रजीतून आलेलं असलं तरी. तुटपुंज्या मानधनावर वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाकडून हे वाचन फुकट मागू नये. प्रशिक्षणाचे तास म्हणून ते धरावं आणि त्याचा मोबदला द्यावा. महिन्याला थोडी पुस्तकं, तालुक्यातल्या चारपाच वाचनालयांच्या ग्रंथपालांनी एकत्र बसून एक चर्चा, आणि त्या चर्चेत एकच प्रश्न: हे कुणाला द्याल, आणि त्यानंतर काय. दुसऱ्या वर्षापासून या बैठकीला नववी-दहावीची मुलंमुली बोलवावीत, आणि यादीतली कोणती पुस्तकं काढायची हे ठरवताना त्यांचंही मत धरावं.